पाणी होतं, पण चार बोटं लांब

संयोजकांनी फोनवर विचारलं होतं, "मॅडम, शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार करावी का, हा विषय तासभर पुरेल ना?" मी म्हटलं, याच विषयावर मी एकदा अकरा दिवस गप्प बसले होते. तासभर बोलायला माझी काही हरकत नाही.

तर आधी ते अकरा दिवस सांगते. आमचं घर नागपुरात, मानेवाड्याकडे. मागच्या गल्लीतल्या एका दुमजली घराची गच्ची आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. मे महिना होता, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तोंडावर आलेला. त्यांचा लॅब्रॅडोर एरवी अंगणात असायचा, तो अचानक दिवसभर गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ बांधलेला दिसू लागला. घरात आजी अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, सगळ्या घराचा भार वहिनींवर. मार्चमध्ये त्याच वहिनींनी आम्हाला कुरड्यांचा डबा पाठवला होता. ज्या घरच्या कुरड्या आपण तळून खाल्ल्या, त्या घराची तक्रार करायला हात धजत नाही, हे मला तेव्हा कळलं.

दवाखान्यात जाण्याआधी आणि आल्यावर मी खिडकीतून बघायची. त्याच्यासमोर ॲल्युमिनियमची परात. सकाळी काठोकाठ भरलेली, संध्याकाळीही जवळजवळ तेवढीच. मी स्वतःला सांगायची, पाणी तर ठेवतात बिचारे. अहो, मी गुराढोरांची डॉक्टरीण! नागपूरच्या मे महिन्यात संध्याकाळी परात भरलेली दिसते, याचा अर्थ दिवसभर तिला कोणी तोंड लावलेलं नाही. एवढा साधा हिशेब मला सुचला नाही, असं नाही. मला तो सुचू द्यायचा नव्हता.

अकराव्या दिवशी रविवार होता. दुपारी दोनच्या सुमारास त्याचं भुंकणं थांबलं. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! मग लक्षात आलं आणि मी तशीच पळाले. वर जाऊन बघते तर साखळीचे टाकीच्या लोखंडी स्टँडभोवती चार वेढे पडलेले. परात आणि कुत्र्याचं तोंड यांच्यात चार बोटांचं अंतर. परातीत बोट घातलं, तर हिवाळ्यात आंघोळीला काढतो तेवढं गरम पाणी. टाकीची सावली सकाळी त्याच्या अंगावर असायची, ती केव्हाच दुसरीकडे सरकली होती. वहिनी मागून म्हणत होत्या, "मॅडम, पाणी तर रोज ठेवून राहिलो ना आम्ही!" आणि ते खरं होतं. रात्री त्याला खाली आणत, तेव्हा तो पोटभर प्यायचा. म्हणून तर इतके दिवस निभावलं.

धडधाकट कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. माझ्या थर्मामीटरवर 108 आलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळपायांना थोडासा येतो. बाकी सगळी भिस्त धापेवर. हवाच तापलेली असेल तर धाप टाकून तरी काय होणार? पाणी ओतलं, पंखा लावला, सलाइन लावली. वाचला नाही.

त्या अकरा दिवसांत मी एकाच प्रश्नाभोवती फिरत होते: ही माणसं कशी आहेत? वहिनी चांगल्या, मुलगा कष्टाळू, आजींचं सगळं जागेवर करतात. म्हणजे चांगली माणसं. म्हणजे तक्रारीचा प्रश्नच नाही. पण विचारायचं ते कुत्र्याबद्दल होतं. दुपारी दोन वाजता त्याचं तोंड पाण्यापर्यंत पोचतं का, आणि तेव्हा सावली कुठे असते? या दोन प्रश्नांना माणसाच्या स्वभावाशी काही देणंघेणं नाही.

याच्या उलटही पाहिलंय. दवाखान्यात एक काकाजी तक्रार घेऊन आले. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू कुत्र्याला उपाशी मारतात, त्याच्या बरगड्या मोजता येतात, बाहेर म्हणून काढत नाहीत. मी गेले. चौदा वर्षांचं पॉमेरेनियन, मूत्रपिंडं गेलेली. काकूंनी फ्रिज उघडून दाखवला. मऊ भाताचे छोटे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून वार लिहिलेला, सोमवार, मंगळवार, बुधवार. स्वतः त्या सकाळची भाजी रात्री खात होत्या. त्यानंतर काकू कुत्र्याला रात्री अकरानंतर खाली आणायला लागल्या, कोणी बघू नये म्हणून. बरगड्या दिसणं हे उपासमारीचं लक्षण असतं, तसंच म्हातारपणाचं, मधुमेहाचं, गोचीड-तापाचंही असतं. आपल्याकडे गोचिडांमुळे रोडावलेली कुत्री कमी नाहीत. खिडकीतून हा फरक कळत नाही. मलाही कळला नसता.

म्हणून मी दार वाजवा म्हणते. पण दार वाजवून म्हणायचं काय? "तुम्ही त्याची काळजी घेत नाही" म्हटलंत की झालं, पुढची दहा वर्षं बोलणं बंद. "आम्ही दुपारी घरीच असतो, त्याचं पाणी बदलून देत जाऊ का?" असं म्हणून बघा. समोरच्याने गच्चीची किल्ली हातात दिली, तर निम्मा प्रश्न सुटला. पुष्कळ घरं अडचणीत असतात, कोणी विचारण्याचीच वाट बघत असतात. आणि "तुम्हाला काऊन इतकं पडलं?" असं उत्तर आलं, तर तीही माहितीच आहे. घरी येऊन ती तारखेनिशी वहीत लिहायची.

मात्र कुत्रं आडवं पडलंय, उठत नाही, जखमेत किडे पडलेत, गळ्याचा पट्टा मांसात रुतलाय, तेव्हा दार वाजवण्याची सभ्यता करत बसू नका. 112 लावा, जवळच्या पशुवैद्यकाला लावा, प्राणिमित्र संस्थेला लावा, आणि मग मालकाला सांगा.

आता कायदा. 1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आपण समजतो त्यापेक्षा बारकाईने लिहिलेला आहे. कलम 11 मध्ये मारहाण तर आहेच. पण जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, वाऱ्यावर सोडून देणं, हे सगळं तिथे वेगवेगळं नोंदलंय. वाचताना वाटतं, लिहिणाऱ्याने कोणाची तरी गच्ची पाहिली असावी. मग शिक्षेची ओळ येते: पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड. (हशा.) तुम्ही हसताय, पण 1960 साली 50 रुपये ही रक्कम होती. आज तेवढ्यात दोन प्लेट तर्री-पोहेही येत नाहीत.

शिवाय अन्नपाण्याची हेळसांड हा अदखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात गेलात तर बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून घेतील. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आणि खटला भरायचाच असेल तर घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. लोक विचारतात, मग काय उपयोग? मी पाहिलेला उपयोग सांगते. एनसी झाल्यावर एखादा शिपाई दारात येऊन "कुत्रं कुठाय, दाखवा" म्हणाला, तर त्याच संध्याकाळी गच्चीवर हिरवी जाळी लागते. कुत्र्याला शिक्षा नको असते, जाळी हवी असते. ज्याला शेजाऱ्याला धडा शिकवायचाय, त्याने या कायद्याच्या वाटेला जाऊ नये, निराश होईल.

तक्रारीत जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा. "क्रूर माणूस आहे" याला किंमत नाही. "12 ते 16 मे, दुपारी 1 ते 4, गच्चीवर बांधलेला, सावली नाही" याला आहे. फोटो आपल्या खिडकीतून काढा, त्यांच्या भिंतीवर चढून नाही. आणि कृपा करून व्हिडिओ आधी मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर व्हिडिओ पडला की चर्चा रंगते, मालक अपमानाने पेटतो, आणि रात्रीतून कुत्रं मागच्या खोलीत कोंडलं जातं, नाहीतर वर्धा रोडला नेऊन सोडलं जातं. बाहेरून दिसायचं ते दिसेनासं होतं. आपल्याला वाटतं, सुटला प्रश्न.

मघाच्या काकाजींचं एक राहिलं. काकूंविरुद्धच्या तक्रारीचा उलगडा झाल्यावर त्यांनी मला आग्रहाने चहाला नेलं. गॅलरीत पिंजरा, पिंजऱ्यात मिठू. मी सांगितलं, काकाजी, हा आपला देशी पोपट, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. याला घरी ठेवणंच गुन्हा आहे, आणि इथली शिक्षा 50 रुपयांवर भागणारी नाही. काकाजी म्हणाले, "छे, तो तर घरचाच आहे! डाळिंब खातो." मी चहा प्याले. मिठूबद्दल त्या दिवशी मी पुढे काही केलं नाही, हेही आज सांगायला हवं.

मागून चिठ्ठी आलीय: तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं का? नाव न देता फोन करता येतो. पण ज्या गच्चीकडे एकच खिडकी उघडते, तिथे नाव लपवून कोणापासून लपवणार? मी वहिनींना नंतर सांगितलं की ते अकराही दिवस मी खिडकीतून बघत होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग हाक काऊन नाही मारली मॅडम?"