दुमडून झोपणारी मुलगी

[दृश्य : अंधारी खोली. पंख्याची घरघर, तिच्यात मिसळलेलं घोरणं.]

रात्रीचे दोन वाजलेत. सहा वर्षांची मुलगी झोपलीय, पण आडवी नाही. मांडी घातलेली, कमरेत पुढे वाकलेली, कपाळ गादीला टेकलेलं. आई तिला उचलून सरळ निजवते. पाच मिनिटांत ती पुन्हा दुमडते.

घोरणं ऐका. घर्र, घर्र... आणि मग काहीच नाही. पोट हलतंय, बरगड्यांखाली खळगा पडतोय, हवा मात्र आत जात नाही. मनात आकडे मोजा. आठ, नऊ, दहा... अंगाला एक हिसका, मोठा उसासा, की घोरणं पुन्हा सुरू.

सकाळी आजी म्हणते, “काय ढाराढूर झोपली होती पोर!” ढाराढूर कसली? रात्रभर झोपेचे तुकडे झालेत. तशी दुमडली की जीभ पुढे येते आणि श्वासाला थोडी वाट मिळते. हा इलाज तिचा तिनेच शोधलाय.

[दृश्य : सकाळ. आई वेणी घालतेय. फ्रॉकच्या गळ्यातून छातीवरचा उभा व्रण दिसतो.]

मुलीला डाउन सिंड्रोम आहे. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. अशा जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. हिच्या हृदयात चार कप्पे जिथे एकमेकांना भिडतात, तो मधला भागच जुळला नव्हता, तिथे मोठं छिद्र राहिलं होतं. दूध पिताना कपाळावर घाम यायचा, दोन घोट घेतले की दमायची. नुसत्या स्टेथोस्कोपवर हे दरवेळी कळत नाही. जन्मानंतर फुप्फुसांतला दाब जास्त असतो, त्यामुळे छिद्रातून रक्त फारसं वाहत नाही आणि आवाजही येत नाही. म्हणून बाळ कितीही ठणठणीत दिसलं तरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचाच. असं मोठं छिद्र साधारण पहिल्या सहा महिन्यांत बुजवावं लागतं. फार उशीर झाला तर जादा रक्ताच्या माऱ्याने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या निबर होतात, मग छिद्र बुजवून उपयोग नसतो.

हिचं ऑपरेशन पाचव्या महिन्यात झालं. घरच्यांनी पेढे वाटले. हृदयाचा विषय संपला, असं सगळ्यांनी धरलं.

तो रात्री पुन्हा उघडतो. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसतात. घटकाभर हे शहाणपणाचंच, कारण जिथे हवा नाही तिथे रक्त पाठवून काय करायचं? पण रात्रभर, रोज हेच चाललं तर हृदयाच्या उजव्या बाजूला अरुंद नळ्यांत रक्त रेटत बसावं लागतं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत फुप्फुसांतला हा दाब आधीच लवकर चढतो. छिद्र बुजवलेलं असलं तरी.

श्वास अडतो कुठे? घशात. चेहऱ्याचा मधला भाग लहान, स्नायू सैल, त्यात टॉन्सिल आणि नाकामागची गाठ, म्हणजे अ‍ॅडिनॉइड. लोक म्हणतात, यांची जीभ मोठी असते. खरं तर बहुतेकांची जीभ बेताचीच असते, तिचं घर लहान असतं.

अशा निम्म्याहून अधिक मुलांना झोपेत श्वास अडण्याचा हा त्रास होतो, आणि आईबापांच्या सांगण्यावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून घोरणं असो-नसो, चार वर्षांच्या आत प्रत्येकाची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत वायरी लावून रात्रभर श्वासाची तपासणी, करावी, असा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. आपल्याकडे अनेक घरांत हा शब्दच पोचलेला नाही. झोप न झालेलं मूल पेंगतंच असं नाही. ते हट्ट करतं, वस्तू फेकतं. मग शाळेतून तक्रार येते आणि उत्तर तयार असतं : “या मुलांचं असंच असतं.” हे वाक्य फार महागात पडतं.

[दृश्य : डोक्याला वायरी चिकटवलेली मुलगी. मांडीवर बाहुली; तिच्याही कपाळाला चिकटपट्टी.]

हिचे टॉन्सिल काढले. भूल देण्याआधी आईने डॉक्टरांना मानेबद्दल आठवण करून दिली, कारण या मुलांचे मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. घोरणं उतरलं, थांबलं नाही. सुमारे निम्म्या मुलांत असंच होतं, म्हणून ऑपरेशननंतर तपासणी पुन्हा करावी लागते. तिच्यात श्वास अजून अडताना दिसला, आणि घरी सीपॅपचं मशीन आलं. ते मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं.

दिवसा मास्क आधी बाहुलीला लागतो, मग आजीला, मग हिला. पहिल्या रात्री तो दहा मिनिटांत पलंगाखाली गेला होता.

[दृश्य : रात्र. मशीनचा मंद आवाज.]

आज साडेतीन तास झालेत. मुलगी पाठीवर, आडवी. आई शेजारी जागीच आहे, सवयीने आकडे मोजतेय. तीनच्या पुढे जायची वेळ येत नाही.