तापीच्या थडीनं: चांगदेव ते प्रकाशा, सायकलवरून (माहितीपटाचं निवेदन)

[पहाट. हतनूर धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागं साचलेलं पाणी. पाण्यावर धुकं, धुक्यातून आवाज.]

आधी ऐकू येतात, मग दिसतात. हे पट्टकादंब. डोक्यामागं दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. हिमालय ओलांडून ते खान्देशात उतरतात आणि मार्गशीर्षातल्या या थंडीत तापीच्या उथळ पाण्यात मुक्कामाला असतात. त्यांच्या शेजारी पिवळसर तांबूस दिसतो तो चक्रवाक. चोच चमच्यासारखी चपटी असलेला थापट्या. तो पाणी तोंडात घेतो, गाळतो आणि सोडून देतो. दिवसभर त्याचं हेच चालतं.

आपल्या सायकली काठावर आडव्या ठेवल्या आहेत. उभी सायकलसुद्धा पक्ष्यांना खटकते.

हे पक्षी इथंच का? धरणं तर पुष्कळ आहेत. उत्तर गाळात आहे.

इथून थोडं वर चांगदेवला दोन नद्या भेटतात. तापी येते मुलताईहून, बऱ्हाणपूर ओलांडून. पूर्णा येते वऱ्हाडातून. दोघी काळ्या मातीच्या मुलखातून येतात आणि पावसाळ्यात ती माती सोबत घेऊन येतात. 1982 मध्ये हतनूरचं धरण पूर्ण झालं, 41 दरवाज्यांचं. दरवाजे उघडे असतात तेव्हा पूर निघून जातो. पण फुगवट्यात शिरताना पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की जड वाळू आधी बसते. बारीक गाळ पुढं तरंगत जातो आणि हळूहळू तळाला लागतो. दर पावसाळ्याला एक थर. थरावर थर चढून पाणी उथळ होतं, उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, तिथं पाणवनस्पती धरतात, त्यांच्यात गोगलगायी, किडे, अळ्या होतात. हिवाळ्यात पाणी उतरलं की काठानं चिखलाचे पट्टे उघडे पडतात. या पाहुण्यांचं ताट असं वाढलं जातं. त्याच गाळानं धरणात पाणी कमी मावतं, आणि खाली भुसावळपासूनची गावं या पाण्यावर आहेत.

[चांगदेव मंदिर. दगडी खांबांवर तिरपं ऊन.]

वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेला योगी चांगदेव. त्याला गुरू भेटली ती वयानं कितीतरी लहान मुक्ताई. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. आज ओसरीवर आपण चौघं आहोत आणि हवा भरायचा एक पंप.

इथून पश्चिमेला निघायचं. प्रकाशापर्यंत दोनशेवर किलोमीटर, जमेल तितकं तापीच्या थडीनं, म्हणजे काठाकाठानं. उजव्या हाताला सातपुडा, पूर्ण प्रवासभर. तो दिसत राहिला की वाट चुकत नाही.

[ड्रोन: नदीचं रुंद पात्र, मधे बेटं, दोन्हीकडं उंच मातीचे काठ.]

शाळेत आपण पाठ केलं होतं, नर्मदा आणि तापी त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत. खरं आहे. 724 किलोमीटर वाहून तापी सुरतेजवळ खाडीतून समुद्राला मिळते. गंगा-गोदावरीसारखे तिला मुखाशी फाटे फुटत नाहीत. पण या काठाकडे बघा. पाच-सहा पुरुष उंचीची सरळ कड, आणि तिच्यात एक खडक नाही. सगळी माती. दख्खनच्या काळ्या दगडाच्या देशात ही गोष्ट साधी नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचली, खळगा झाला, आणि नद्यांनी तो लाखो वर्षं भरला. काही ठिकाणी हा गाळ शंभर मीटरच्याही खाली जातो. समुद्राकाठी ज्या मातीचे पंखे पसरतात, तशा मातीचा मोठा साठा खान्देशात थांबलेला आहे. आपण चाक फिरवतो ते त्याच्यावर.

म्हणून तर ही जमीन सायकलची आहे. चढ नाही. पाण्यानं कापलेल्या घळी तेवढ्या येतात. तिथं सायकल खांद्यावर घ्यायची, उतरायचं, चढायचं, पुन्हा बसायचं.

[जवळून: टायरमधून काटा उपसणारी बोटं.]

सराटा. चारी बाजूंनी टोकं, कसाही पडला तरी एक टोक वर. बाभळीचा काटा निदान दिसतो, सराटा दिसत नाही. पहिल्या दिवशी नऊ पंक्चर. ट्यूबमध्ये आतून भरायचं घट्ट द्रव मिळतं, ते भरल्यावर संध्याकाळपर्यंत दोनच. पावसाळ्यात मात्र इकडं येऊ नये. काळी माती चाकाला धरते, ब्रेकमध्ये बसते, चाक फिरेनासं होतं. मार्गशीर्ष ते फाल्गुन हे चार महिने थडीचे.

आणि ही थडीची वाट कुणाची?

[गावनकाशा, बोट तुटक रेषेवर.]

हा महसूल खात्याचा गावनकाशा. तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेष म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. नदीच्या बाजूनं जाणाऱ्या अशा रेषा आपण एकेका गावात शोधल्या. घाटावर जाणारी, स्मशानात जाणारी, मळ्यात जाणारी, शेजारच्या गावाला जोडणारी. एकीला दुसरी लावत गेलो की थडीची वाट तयार होते. नवा रस्ता बांधायचा नाही, डांबर टाकायचं नाही. जी रेष कागदावर आहे, ती जमिनीवर राहू द्यायची. ती कुणी अडवली तर मामलेदाराकडे दाद मागता येते, 1906 च्या कायद्यापासून ही सोय आहे. इतकी जुनी, इतकी सोपी गोष्ट. तरी काही ठिकाणी रेषेवर कुंपण आहे, काही ठिकाणी वाळूच्या ट्रॅक्टरांनी काठच खाऊन टाकला आहे.

[केळीचा बाग, पानांतून सायकली.]

यावल-रावेरची केळी. बागेत शिरलं की हवा दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखी वाटते, आवाज दबतो. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही. ते हे वांगं. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हातभर. मळ्यात कापसाच्या काड्यांचा जाळ केला आहे, त्यात वांगी टाकली आहेत. साल काळी पडते, आत गर शिजतो. साल काढायची, लाकडी भांड्यात ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. बोलत कुणी नाही.

जेवण झाल्यावर मळ्याचे मालक विचारतात, “कुठी चालले भो?”

[संध्याकाळ. रामेश्वर.]

इथं गिरणा येते. नाशिकच्या डोंगरात उगम, मालेगाव, भडगाव करत जळगावला वळसा घालून तापीत. दोन पाण्यांचे रंग वेगळे दिसत आहेत ते कॅमेऱ्यानं केलेलं नाही.

[वाळूत खणणारी माणसं. मोठं वाळवंट.]

हे डांगरमळ्याचं, म्हणजे नदीच्या वाळूतल्या वेलफळांच्या मळ्याचं काम, आणि ते फार बारकाईनं बघण्यासारखं आहे. पाणी उतरलं की उघड्या वाळूत ओळीनं खड्डे घ्यायचे. खोली पाण्याच्या पातळीवर ठरते. हात घातला की तळाला ओल लागली पाहिजे, पण पाणी साचता कामा नये. त्यात कुजलेलं शेणखत, वर काठावरून आणलेली मळीची माती. बी टाकायचं, हलक्या वाळूनं झाकायचं. रोप दोन पानांवर आलं की वाऱ्यापासून आडोसा: गवताच्या पेंढ्या, नदीतलं लव्हाळं, जे मिळेल ते, पश्चिमेकडून रोवायचं. मुळं पाण्याच्या मागं खाली जातात, वेल वाळूवर पसरतो. दिवसा वाळू तापते, रात्री गार पडते. फळाची गोडी यातूनच येते असं इथली माणसं सांगतात. नांगर नाही, विहीर नाही. जमीन चार महिन्यांची, पुढच्या पुरात ती जाणार हे धरूनच केलेली शेती. आज खड्डे दिसतात, वेल उन्हाळ्यात. बॅरेजांचं, म्हणजे नदीत आडव्या घातलेल्या दरवाज्यांच्या बंधाऱ्यांचं पाणी जिथं बारमाही उभं राहिलं तिथले मळे गेले.

[मुडावद. कपिलेश्वर.]

पांझरा इथं तापीत येते. याच पट्ट्यात उत्तर थडीला थाळनेर. किल्ल्याचा एक बुरूज थेट पाण्याकडं झुकलेला, मागं फारुकी सुलतानांच्या कबरींचे घुमट. 1370 च्या सुमारास पहिल्या फारुकीला, मलिक राजाला, फिरोजशहा तुघलकाकडून हा मुलूख मिळाला आणि खान्देशचं राज्य इथून सुरू झालं. बऱ्हाणपूर त्यानंतरचं. तेही तापीकाठीच. 1818 मध्ये इंग्रजांनी थाळनेर घेतलं. पडलेल्या तटावर आता शेळ्या आहेत आणि खाली नदीचं वळण इतकं मोठं आहे की एका चौकटीत मावत नाही.

[होडी. आडव्या ठेवलेल्या तीन सायकली, चौथी हातात धरलेली.]

सुलवाड्याच्या बॅरेजखाली पाणी भरलेलं आहे. पूल लांब, नाव जवळ. नावाडीदादा सायकलीचं वजन हातानं तोलून बघतात, दोन पुढं, दोन मागं असं सांगतात. आपण चौथी हातातच धरली. सावळद्याच्या पुलावरून मुंबई-आग्रा महामार्ग तापी ओलांडतो. ट्रकवाल्याला ही नदी अर्धा मिनिट दिसत असेल. इथं होडीत ती पाऊण तास दिसते, तळहात बुडवून.

दुसऱ्या काठावर बोली बदललेली आहे. चिंचेखाली बसलेले आजोबा विचारतात, “कथा चालनात भाऊ?”

प्रश्न तोच. मळ्यात तो लेवा बोलीत होता, इथं अहिराणीत आहे. गाडीनं आलं असतं तर कुणी विचारलंही नसतं.

[सारंगखेडा. धूळ, घोडे, सूर्य त्यांच्या मागं.]

दत्तजयंतीची यात्रा. एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि नदीकाठी घोड्यांचा बाजार. काळा, पांढरा, अबलख. व्यापारी दात बघतो, खूर उचलतो, मग घोडा चालवून दाखवायला सांगतो. गर्दी बाजूला होते, घोडा नाचत येतो. या गर्दीत आपल्या सायकली हातानं ढकलत न्याव्या लागल्या. एका शिंगराला घंटीचा आवाज आवडला नाही. नंतर घंटी वाजवली नाही.

[प्रकाशा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीची पहाट.]

गोमाई येऊन मिळते ते हे ठिकाण, दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचा घाट, पायऱ्यांवर रात्रीचे दिवे विझलेले. गावालगतच्या टेकाडात 1955 मध्ये पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं. खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली, रंगवलेली मडकी निघाली. म्हणजे या काठावर माणूस साडेतीन हजार वर्षांपासून पाणी भरायला उतरतो आहे. उतरायची वाट तेव्हाही असणार.

सायकली शेवटच्या पायरीवर आणल्या. चाकांवर चांगदेवपासूनची माती आहे, थरांनी वाळलेली. घाटावरची दोन पोरं मदतीला आली. एक टायर धरून चाक फिरवतो, दुसरा ओंजळीनं पाणी मारतो.

माती सुटते. पाणी क्षणभर गढूळ होतं, आणि गढूळ पट्टा खालच्या उकाई धरणाच्या दिशेनं निघतो.