बावखलाचं पाणी

(पहाट. वसईतल्या नंदाखाल गावच्या वाडीतून पंपाचा आवाज. केळीच्या पानावरून थेंब ओघळतोय.)

हे बावखल. वाडीच्या कडेला खणलेलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसात तुडुंब भरायचं आणि पुढे त्याच्या जिवावर केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला निघायचा. वसईत अशी बावखलं गावोगाव होती. आता बरीच बुजली. काहींवर इमारती उभ्या आहेत, काहींत कचरा.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. जमिनीखालचं गोडं पाणी उपसा, की त्याच्या जागी खारं पाणी आत सरकतं. हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून वाचावं लागत नाही, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं की कळतं. ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा’ हे बायबलमधलं वचन वसईच्या चर्चमध्ये वाचलं जातं, तेव्हा मला जरा अडखळायला होतं. इथे विहिरीत मीठ उतरलं की वाडी गेली.

(विहिरीचा जुना काठ. रस्त्यावरून टँकर जातो.)

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचा डोळा गेला. बिल्डर आले, मागोमाग टँकर आले. शेतातल्या विहिरींचं पाणी नव्या वस्त्यांना विकलं जाऊ लागलं. या धंद्यामागे कुणाचा हात आहे ते नाक्यावर सगळ्यांना ठाऊक असायचं, पण बोलणं दबक्या आवाजातच.

मोठ्याने बोलला तो एक धर्मगुरू. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, याच नंदाखालचे. 1983 पासून ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. त्यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि धर्म न विचारता माणसं एकत्र आली. सभा झाल्या, मोर्चे निघाले. साहजिकच सवाल आला: फादरांनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करावी, प्रवचन द्यावं, राजकारण कशाला? हा सवाल चर्चच्या बाहेरून आला तर उत्तर देणं सोपं. रविवारी समोरच्या बाकावर बसणारा माणूस तोच सवाल विचारतो, तेव्हा कस लागतो.

येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग पालथे केले, ते गाभाऱ्यातलं राजकारण होतं की बाजारातलं? मला वाटतं, त्या दिवशी येरुशलेममध्येही कुणीतरी म्हणालं असेल, याने आपलं प्रार्थनेपुरतं बघावं.

(धाराशिव. मोकळं मैदान.)

2019 साली दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, 93व्या संमेलनाचे. या पदावर ख्रिस्ती धर्मगुरू पहिल्यांदाच येत होता. विरोध झाला, साहित्य महामंडळाकडे धमकीचे फोन आले. ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेल्या लेखकाला मराठीत आपली जागा पुन्हा सिद्ध करायची वेळ आली. खरं तर फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 सालचं. मराठी ओव्यांत येशू तेव्हाच येऊन बसलाय!

जानेवारी 2020. नागरिकत्व कायद्यावरून देश पेटलेला, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांवर नुकताच हल्ला झालेला. तब्येत बरी नसतानाही दिब्रिटो तेव्हाच्या उस्मानाबादला गेले. पाठीचं दुखणं होतं, चाकाच्या खुर्चीवरून ते व्यासपीठावर आले आणि विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्याबद्दल बोलले. या बोलण्यानेही काहीजण दुखावले. ते दुखावणं टाळायचं असतं, तर साहित्य आणि अध्यात्म यावर तासभर गोड बोलता आलं असतं.

25 जुलै 2024 ला ते गेले. टँकर अजून येतात.

(चर्च. रविवारची मिस्सा. लाल लुगडं नेसलेल्या आजी पहिल्या रांगेत.)

मिस्सेत एक क्षण येतो. धर्मगुरू म्हणतो, एकमेकांना शांती द्या. आपल्याकडे हात मिळवण्यापेक्षा हात जोडतात. निवडणुकीच्या दिवसांत या बाकांवर एका गावातले दोन पक्ष शेजारी बसलेले असतात, कधी एका घरातलेही. शनिवारी रात्री नाक्यावर भांडलेले दोघे आता अर्धवट वळतात. एकाची नजर खाली आहे. दुसऱ्याने हात आधी जोडलेत, ते तसेच धरून तो थांबलाय. आजी मागे वळून पाहतात.

पहिल्याचे हात वर येतात.

मिस्सा संपते. फाटकाबाहेर दोघांच्या स्कूटर एकमेकींना टेकून उभ्या आहेत. काढताना पुन्हा सुरुवात होते: पाण्याचं काय झालं रे?