स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं दार

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या पावसातून आलेल्या माझ्या अंत्रुजकर मंडळींनो, नमस्कार. बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय, 'गाडीच्या इंजिनाचा संगणक बाहेरून कसा बदलतात'. तो मी सांगणारच आहे. पण आधी एका टॅक्सीची गोष्ट सांगू द्या. ती ऐकल्याशिवाय या विषयाची मला एवढी तळमळ का आहे, ते तुम्हाला कळणार नाही.

गेल्या श्रावणात माशेलचा एक टॅक्सीवाला गॅरेजवर आला. टोईंगच्या गाडीतून. डिझेल गाडी, नऊ वर्षं वापरलेली, आतून देवघरासारखी स्वच्छ. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागायचे, पण स्टार्टर फिरत नव्हता, इंजिन ढिम्म. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, आतां कितें करपाचें?" चतुर्थी तीन आठवड्यांवर आलेली. गोव्यात चतुर्थीच्या तोंडावर टॅक्सी बंद पडणं म्हणजे काय, ते इथे समजावून सांगायला नको.

झालं होतं असं. चोर्ला घाट चढताना गाडी दमते म्हणून कुणीतरी त्याला रीमॅप करून घ्यायला, म्हणजे जोर वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून घ्यायला सांगितलं. रस्त्याकडेला लॅपटॉप घेऊन एक मुलगा आला, स्टिअरिंगखालच्या पोर्टला, म्हणजे संगणकाशी जोडायच्या सॉकेटला, केबल लावली आणि नवे आकडे लिहायला सुरुवात केली. इंजिन बंद, इग्निशन चालू, आतला पंखा चालू, वरून हेडलाइटही कुणी बंद केले नव्हते. बॅटरी जुनी. लिहिणं अर्ध्यावर असताना व्होल्टेज घसरलं आणि सगळं थांबलं. हे आकडे ज्या फ्लॅश मेमरीत असतात तिची रीत अशी, की नवं लिहिण्याआधी जुनं पुसावं लागतं. त्यामुळे अर्धं पुसलेलं, अर्धं लिहिलेलं. मुलगा केबल काढून निघून गेला. मूळ फाइल, म्हणजे आधी आत जे लिहिलेलं होतं ते, त्याने वाचून जपून ठेवलीच नव्हती.

मग टॅक्सी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेली. नाव घेत नाही. तिथे सांगितलं, इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मेला, नवा बसवा. खर्च त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा. मी हात जोडून विचारतो, बघितलं कुणी? मी काय केलं सांगतो. पोर्टच्या पिना टॉर्चने पाहिल्या. दोन पिनांवर हिरवा गंज होता. आपल्याकडच्या हवेत तो येतोच, किनाऱ्यावरच्या गाड्यांना तर फार. त्या साफ केल्या. बॅटरीला स्थिर साडेतेरा व्होल्टचा सप्लाय लावला, पंखा आणि दिवे बंद केले आणि इसीयूला हाक मारली. उत्तर आलं! इंजिन चालवण्याएवढा शहाणा तो उरला नव्हता, पण आतला बूटलोडर, म्हणजे 'मला लिहा' एवढंच समजणारा छोटा प्रोग्रॅम, शाबूत होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

पण लिहायचं काय? मूळ फाइल कंपनीकडे, आणि कंपनी ती माझ्यासारख्या गॅरेजवाल्याला देत नाही. नऊ दिवस मी तेच मॉडेल, तोच सॉफ्टवेअर नंबर असलेली दुसरी गाडी शोधत होतो. शेवटी सावईवेऱ्यात सापडली. तीही टॅक्सीच. त्या माणसाने भाडं सोडून दिलं आणि पाऊण तास माझ्या बाजूला बसून राहिला. फाइल वाचली आणि माशेलच्या गाडीत लिहिली. चावीची ओळख आणि इंजिनात डिझेल सोडणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरचा कोड वेगळ्या मेमरीत असतात, त्यांना हात लावला नाही. चावी फिरवली, इंजिन लागलं. चतुर्थीला चार दिवस होते.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. तर मूळ विषय. (पाणी दिलंत, आभार.)

माझ्या उमेदवारीच्या काळात इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा स्क्रू स्क्रूड्रायव्हरने पाव वळसा फिरवला की इंजिनाचा आवाज बदलायचा. तो स्क्रू आज आकड्यांच्या तक्त्यांत गेलाय. त्यांना मॅप म्हणतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला भार, आणि प्रत्येक चौकटीत किती डिझेल सोडायचं, केव्हा सोडायचं, इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या टर्बोने किती दाब द्यायचा, ते लिहिलेलं.

त्या तक्त्यांपर्यंत जायचं दार स्टिअरिंगखाली असतं. सोळा पिना. सोळावी बॅटरीची, चौथी-पाचवी अर्थिंगची, सहावी आणि चौदावी 'कॅन'ची. कॅन म्हणजे गाडीतल्या संगणकांनी आपसात बोलायची दोन तारांची वाट, बॉश कंपनीने 1986 साली जगासमोर मांडलेली. अमेरिकेत 1996 च्या मॉडेलपासून हे दार प्रत्येक मोटारीला सक्तीचं झालं. कारण होतं हवा. धूर वाढला तर कुठल्याही मेकॅनिकला गाडीतला दोष वाचता यावा.

वाचायला दार उघडं, लिहायला कुलूप. इसीयू एक आकडा पाठवतो, त्यावरून हिशेब करून तुम्ही योग्य उत्तर पाठवलंत तरच आत घेतो. मग जुनं पुसायचं, नवं तुकड्या-तुकड्याने पाठवायचं आणि शेवटी चेकसम, म्हणजे सगळ्या आकड्यांची बेरीज जुळते का ते पाहायचं. जुळली नाही तर गाडी चालू होत नाही.

घाईत सांगतो, पण हे मला मनापासून सांगायचंय. कंपन्या म्हणतात, कुलूप हवेच्या रक्षणासाठी आहे. धूर गाळणारा फिल्टर काढून सॉफ्टवेअरमधून त्याची आठवणच पुसणारे लोक आहेत, आणि मी त्यांच्या पूर्ण विरोधात आहे. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि तो धूर शाळेच्या रिक्षेत बसलेली मुलं ओढतात. पण 2015 साली उघड झालेली सगळ्यात मोठी लबाडी कुणाची होती? फोक्सवॅगनची. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे 1.1 कोटी गाड्यांत होतं. किल्ली ज्याच्या हातात होती, त्यानेच ते लिहिलं. आणि ते पकडायला अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांना गाड्या रस्त्यावर चालवून धूर मोजावा लागला.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची. मूळ फाइल गाडीच्या मालकाला मिळावी, जशी आरसी बुक मिळते तशी. आणि जो लिहील त्याने आधी मूळ फाइल वाचून मालकाच्या हातात द्यावी, बॅटरीला सप्लाय लावावा, काम झाल्यावर धूर तपासून द्यावा. अमेरिकेत 2015 साली दुरुस्तीसाठी मालकाला गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायची सूट मिळाली. आपल्याकडे 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'राइट टू रिपेअर'चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोटारीही आहेत. पण त्यात मूळ फाइल मागायची सोय हवी, त्यासाठी मी पत्र लिहिलंय. ते दाराजवळच्या टेबलावर आहे. ज्यांना पटेल त्यांनी सही करा.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. माझी गाडी बाहेर पिंपळाखाली उभी आहे, स्कॅनर लावून ठेवलाय. पोर्ट बघायचा असेल त्यांनी या, टॉर्च आहे माझ्याकडे.