दारात आलेला संदेष्टा

[दृश्य: दगडी भिंत, बंद दरवाजा, पहाटेचा अंधूक उजेड]

निवेदन:

इसवी सनाचं दुसरं शतक. रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडचा एक तुरुंग. उजाडायच्या आधीपासून दाराशी म्हाताऱ्या विधवा येऊन बसल्यात, त्यांच्याजवळ पोरकी मुलं. ख्रिस्ती मंडळीतली, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायातली, कर्ती माणसं पहारेकऱ्यांचे हात ओले करून आत गेलीत आणि कैद्याच्या सोबतीला तिथंच झोपलीत. त्याचं जेवण बाहेरून येतं. रोमन आशिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, शहरांमधून लोक मंडळीच्या खर्चानं त्याला धीर द्यायला येतात. पैसाही येतो, आणि थोडाथोडका नाही.

आत आहे पेरेग्रिनस. ख्रिस्ती मंडळींनी डोक्यावर घेतलेला शिक्षक.

हे वर्णन लिहून ठेवलंय लुसियननं. समोसाता गावचा, ग्रीक भाषेत लिहिणारा एक टवाळखोर लेखक. त्याच्या मते पेरेग्रिनस अट्टल ढोंगी होता आणि ख्रिस्ती लोक भोळसट. तुम्ही सगळे एकमेकांचे भाऊ आहात असं त्यांच्या गुरूनं सांगून ठेवलंय, म्हणून ही माणसं पैशाअडक्याला किंमत देत नाहीत; एखादा चलाख माणूस त्यांच्यात शिरला की बघता बघता गब्बर होतो. असं तो हसत हसत लिहितो.

लुसियन काही मित्र नव्हे, त्याचा शब्दन् शब्द खरा धरायचं कारण नाही. पण तुरुंगाच्या दाराशी बसलेल्या त्या विधवा त्यानं कौतुकापोटी नक्कीच रंगवलेल्या नाहीत. त्याला त्यांची कीव येते.

पुढं सीरियाच्या सुभेदारानं पेरेग्रिनसला सोडून दिलं. काही काळानं ख्रिस्ती मंडळींनीही त्याच्याशी संबंध तोडले. इसवी सन 165 मध्ये, ऑलिम्पियाच्या खेळांच्या वेळी, आधी गाजावाजा करून त्यानं लोकांसमोर चितेत उडी घेतली.

[दृश्य: इफिसचे अवशेष, संगमरवरी फरसबंदीचा रस्ता]

त्या काळी ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मंदिरं नव्हती. कुणाच्या तरी घरी जमायचं, तिथंच प्रार्थना, तिथंच भाकर. शिकवणारे बरेचसे पायी फिरणारे. रस्त्यावरच्या सराया बदनाम, त्यामुळे उपदेशक गावात आला की मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी उतरायचा. म्हणजे शिकवण खरी की खोटी हा प्रश्न आधी घरधनिणीपुढं यायचा. दारात पाहुणा उभा आहे, येशूचं नाव घेतोय. आत घ्यायचा की नाही?

बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय याच पेचातून बोलतो. परंपरेनं हे पत्र आशिया प्रांतातल्या इफिस शहराशी जोडलं जातं. पहिल्याच वचनात ताकीद आहे: प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या, कारण खोटे संदेष्टे, म्हणजे देवाच्या नावानं बोलतो असं सांगणारे, जगात पुष्कळ निघालेत. आणि सहा वचनं पुढं गेलं की म्हटलंय, आपण एकमेकांवर प्रीती करावी, कारण प्रीती देवापासून आहे. आपल्याकडं ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर ‘देव प्रीती आहे’ ही पाटी असते. ती याच अध्यायातली. पारखण्याचं वचन मात्र भिंतीवर कुणी लावत नाही. ते वादाच्या सभेत बाहेर काढलं जातं. पत्र लिहिणाऱ्यानं दोन्ही एकाच हातानं लिहिली होती.

त्यानं दिलेली खूण वरवर पाहता कोरडी वाटते: येशू ख्रिस्त देहानं आला, हे जो कबूल करतो तो देवाचा. पण त्यामागं एक जिवंत भांडण होतं. काही शिक्षक सांगत होते की येशूचा देह हा नुसता भास. भूक भास, खिळे भास, रक्तही भास.

सीरियातल्या अंत्युखियाचा अध्यक्ष (बिशप) इग्नेशियस याच लोकांविषयी लिहितो. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला दहा शिपायांच्या पहाऱ्यात त्याला रोमकडे, मरणाकडे, नेत होते. वाटेत त्रोवस बंदरातून त्यानं स्मुर्णाच्या मंडळीला पत्र धाडलं. स्मुर्णा म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. त्यात तो म्हणतो, या लोकांची शिकवण कशी वेगळी आहे ते बघा: त्यांना प्रीतीची फिकीर नाही, विधवेची नाही, पोरक्याची नाही, बेड्यांतल्याची नाही, भुकेल्याची नाही. यामागचं कारण तो फोड करून सांगत नाही, पण ते दिसतं. ज्यांच्या तारणाऱ्याला कधी खरी भूकच लागली नाही, त्यांना शेजारच्या घरातली थंड चूल कशाला खुपेल?

[दृश्य: इस्तंबूल, फनार भाग, अरुंद चढाचा रस्ता]

1873 साली याच शहरात, जेरुसलेमच्या पवित्र कबरेच्या मठाच्या शाखेतल्या ग्रंथालयात, फिलोथेओस ब्रिएन्निओस या ग्रीक विद्वानाच्या हाती एक हस्तलिखित लागलं. लिओ नावाच्या लेखनिकानं ते 1056 साली लिहून पुरं केलं होतं. त्यात ‘दिदाखे’ (ग्रीकमध्ये ‘शिकवण’) नावाचा एक छोटेखानी ग्रंथ होता, अवघ्या सोळा अध्यायांचा. जुन्या लेखकांनी त्याचा उल्लेख केलेला, पण पूर्ण प्रत डोळ्यांनी पाहिलेला माणूस उरला नव्हता. ब्रिएन्निओस यांनी 1883 मध्ये तो छापला. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास मानतात.

ही नवशिक्या मंडळींची वहिवाटीची वही आहे. बाप्तिस्मा कसा द्यायचा, उपास कोणत्या दिवशी धरायचा, आणि दारात आलेल्या पाहुण्याचं काय करायचं.

नियम ऐका. प्रेषित, म्हणजे गावोगाव फिरणारा उपदेशक, आला तर साक्षात प्रभू आला असं समजून त्याला घरात घ्या. एक दिवस राहू दे. गरज असेल तर दुसराही. तिसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर बांधून द्या, बाकी काही नको. त्यानं पैसे मागितले, तर खोटा. आत्म्याच्या संचारात ‘पानं मांडा’ असं फर्मावलं आणि स्वतःच जेवायला बसला, तर खोटा. खरं तेच शिकवतो पण तसं वागत नाही, तरीही खोटा.

यात शिफारसपत्र दाखवा म्हटलेलं नाही. चमत्कार करून दाखवा असंही नाही. उलट, संदेष्टा आत्म्यात बोलत असताना त्याची परीक्षा घेऊ नका, असं हीच वही बजावते. बोलणं कितीही भारी असो, तो भरवशाचा की नाही हे त्याच्या चालीरीतीवरून ठरवा. आणि हे काम अडाणी बाईलाही जमण्यासारखं: दिवस मोजायचे, हात कुणापुढं पसरतो ते बघायचं.

मग एक बारीक कलम येतं, आणि माझ्या मते साऱ्या वहीत ते सर्वांत शहाणं. संचारात कुणी म्हणाला ‘मला पैसे द्या’, तर त्याचं ऐकू नका. पण गरजूंसाठी द्या म्हणाला, तर कुणी त्याचा न्याय करू नये. तोच संचार, तीच मागणी. फरक फक्त पैसा कुणाच्या पदरात पडायचा, एवढाच. ही एक ओळ पेरेग्रिनसच्या भक्तांपैकी कुणी वाचली होती का, असा विचार मनात येतोच.

[दृश्य: पपायरसचा तुकडा, ग्रीक अक्षरं]

पारख म्हटलं की दुसराही धोका आला. योहानाच्या नावानं आणखी दोन चिमुकली पत्रं आहेत, प्रत्येक एकाच पानात मावेल एवढं. दुसऱ्यात स्वतःला ‘वडील’, म्हणजे मंडळीतला ज्येष्ठ, म्हणवणारा लेखक सांगतो, ही शिकवण न आणणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याला सलामही करू नका. तिसऱ्यात तोच ‘वडील’ गायस नावाच्या माणसाचं कौतुक करतो, कारण त्यानं अनोळखी बंधूंना आसरा दिला. त्याच पत्रात दियत्रफेसची तक्रार आहे. त्याला मंडळीत पुढारपण हवं. तो आलेल्या बंधूंना घेत नाही, जे घेऊ पाहतात त्यांनाही आडकाठी करतो, मंडळीबाहेर घालवतो. दियत्रफेसच्या शिकवणीविषयी ‘वडील’ चकार शब्द काढत नाहीत. तक्रार आहे ती वागण्याची: पुढारपणाची हाव, ‘वडिलां’विरुद्ध वाईट बोलणं आणि बंद दार. त्यानं मात्र कदाचित स्वतःला मोठा पारखी समजलं असेल. अशी माणसं समजतातच.

दिदाखे या बाबतीतही व्यवहारी आहे. पाहुणा साधा वाटसरू असेल तर जमेल तेवढी मदत करा. दोन दिवस, लागले तर तीन. गावात राहायचंच म्हणाला आणि हाताला कसब असेल, तर काम करून खाऊ दे. कसब नसेल तर तुम्हीच विचार करा, त्याला कसं सामावून घेता येईल. तेही नको असेल, तर तो ख्रिस्ताच्या नावावर धंदा करतोय, जपून राहा.

आणि खरा संदेष्टा गावात टिकला, तर पोट भरण्याइतका त्याचा हक्क मान्य. द्राक्षाचा पहिला रस, खळ्यावरचं पहिलं धान्य, गुराढोरांचं पहिलं उत्पन्न त्याला द्या. तुमच्याकडं संदेष्टाच नसेल, तर ते सगळं गरिबांना द्या.