सर्वो थरथरतोय? कोड सोडा, मीटर काढा

नमस्कार मंडळी. रोबोटिक आर्मचा व्हिडिओ टाकला आणि खाली कमेंटमध्ये एकच रडगाणं: "दादा, सर्वो थरथरतो, अर्डुइनो मधेच रीसेट होतो, कोड चुकलाय का?" सर्वो म्हणजे आर्मचे सांधे हलवणारी छोटी मोटर, आणि अर्डुइनो म्हणजे तिला हुकूम देणारा कंट्रोलर बोर्ड. तुमचा कोड मी बघितलेला नाही, तरी सांगतो, दहापैकी नऊ वेळा गडबड पॉवरची असते.

वायरी पटकन सांगतो. तपकिरी ग्राउंड, लाल प्लस, केशरी सिग्नल. एसजी९० या छोट्या सर्वोला साधारण ४.८ ते ६ व्होल्ट, एमजी९९६आर या मोठ्या सर्वोला ४.८ ते ७.२. झालं. हे तर डब्यावरच छापलेलं असतं.

आता ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. अरे, कोण शिकवतं हे तुम्हाला? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मल्टिमीटरमध्ये ती छान चालते. पण छोटासा एसजी९० वजनाखाली अडकला की अर्ध्या अँपियरच्या वर ओढतो, आणि एमजी९९६आर ६ व्होल्टला अडीच अँपियरपर्यंत जातो. तेवढा करंट तिच्यातून निघतच नाही, व्होल्टेज धाडकन खाली येतं.

"पण दादा, मी मोजलं, बरोबर ६ आलं." कधी मोजलंत? सर्वो स्वस्थ बसलेला असताना ना? (मीटर दाखवत) मीटरच्या प्रोब सर्वोच्या कनेक्टरवर ठेवा, रोबोटला हात उचलायला लावा आणि मग आकडा बघा. तोही पूर्ण खरा नाही, कारण मीटर संथ असतो, क्षणभराचा खड्डा त्याला दिसत नाही.

बरं, सप्लाय दणकट आहे म्हणा. मधे त्या केसासारख्या जंपर वायरी आणि ढिला ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायची ती भोकांची पट्टी. सगळं मिळून ०.३ ओहम धरा. अडीच अँपियर गुणिले ०.३, पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. सप्लायवर ६, सर्वोपाशी सव्वापाच. म्हणून सर्वोची पॉवर ब्रेडबोर्डवरून नेऊ नका. जाड वायर, आणि सर्वोजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्याचे प्लस-मायनस उलटे लावू नका, फुटतो.

अर्डुइनो उनोच्या ५ व्होल्ट पिनवरून चार सर्वो चालवणारे वीर वेगळेच. यूएसबीच्या वाटेवर ५०० मिलिअँपियरचा फ्यूज आहे हो तिथे!

एकाने लिहिलंय, "एमजी९९६आर ला ७.४ ची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) थेट लावली, ०.२ ने काय होतंय?" दोन सेलची लायपो फुल चार्जला ८.४ असते राजा. मधे बक कन्व्हर्टर लावा, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारा छोटा बोर्ड. एलएम२५९६ चालेल, कागदावर ३ अँपियर, मी सलग २ च्या पुढे ताणत नाही. आणि स्क्रू फिरवून ६ व्होल्ट आधी सेट करा, सर्वो नंतर जोडा. वायर आधी, मीटर नंतर असं करणाऱ्यांचे जळके सर्वो माझ्याकडे डबाभर आलेत. त्यांचे गिअर मात्र कामाला येतात.

साधं हवं असेल तर चार रिचार्जेबल पेन्सिल सेल: १.२ चे चार, ४.८ व्होल्ट. एसजी९० खूश.

वेगळा सप्लाय लावलात की त्याचा ग्राउंड अर्डुइनोच्या ग्राउंडला जोडायचाच. नाहीतर सिग्नलला संदर्भच नाही, सर्वो वेड्यासारखा फिरेल.

पीसीए९६८५, म्हणजे एकावेळी बरेच सर्वो चालवणारा बोर्ड, तो वापरणाऱ्यांनो, तुमचा स्क्रू टर्मिनल सर्वोच्या पॉवरसाठी आहे. व्हीसीसी पिन फक्त चिपची, तिथे सर्वोचा सप्लाय देऊ नका. आणि प्रश्न विचारताना वायरिंगचा फोटो टाका. "चालत नाही" एवढ्यावर मला काय कळणार?