छापखान्यातली इंटर्नशिप : आधी कागद, मग मशिन

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी अंकांचा हंगाम जवळ आला की पुण्या-मुंबईतले छापखाने रात्रपाळीवर जातात, आणि त्याच सुमारास कॉलेजची मुलं इंटर्नशिपचं पत्र घेऊन दारात उभी राहतात. मुंबईची शासकीय मुद्रण तंत्र संस्था, पुण्याचं पीव्हीजीचं, म्हणजे पुणे विद्यार्थी गृहाचं, अभियांत्रिकी महाविद्यालय अशा ठिकाणी मुद्रण शिकणारी मुलं पूर्वीपासून येतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं, तेव्हापासून कलाशाखेची, कॉमर्सची, मास मीडियाची मुलंही दिसू लागली आहेत. बहुतेकांना पहिल्याच दिवशी संगणकावर बसायचं असतं, आणि उरलेल्यांना चाररंगी मशिनपाशी उभं राहायचं असतं. आमचं सांगणं जरा वेगळं आहे. पहिले काही दिवस कागदाच्या गोदामात आणि कटिंग मशिनच्या बाजूला काढा, आणि हातात जॉब कार्ड ठेवा.

जॉब कार्ड म्हणजे कामाबरोबर फिरणारा कागद. कामाचं नाव, तयार आकार, पानं, प्रती, कागदाचा प्रकार आणि जीएसएम, रंग, बांधणी, लॅमिनेशन, तारीख हे सगळं त्यावर असतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. यातली एक जागा कोरी राहिली की पुढे कुणीतरी ती आपल्या अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज चुकतो. कार्डावर नुसतं ‘लॅमिनेशन’ लिहिलेलं असेल, तर ते ग्लॉस की मॅट हे विचारायला शिकाऊ मुलाने अजिबात लाजू नये.

आता एक हिशेब सांगतो. जवळ कागद-पेन असेल तर लिहून घ्या. मराठी पुस्तकांचा सर्रास दिसणारा आकार डेमी, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. समजा पुस्तक 160 पानांचं आहे आणि प्रती 1000 हव्यात. 16 पानांचा एक फर्मा, म्हणजे 10 फर्मे. एक फर्मा 18 बाय 23 इंचाच्या तावावर दोन्ही बाजूंनी बसतो, आणि हा ताव म्हणजे 23 बाय 36 च्या पूर्ण तावाचा अर्धा. 10 फर्मे गुणिले 1000, म्हणजे 10,000 अर्धे ताव, म्हणजे 5,000 पूर्ण ताव, म्हणजे 500 तावांच्या 10 रिमा. मशिन लागेपर्यंत, म्हणजे छपाई नीट जुळेपर्यंत, काही ताव वाया जाणारच. फर्म्यामागे 100 अर्धे ताव धरले तर आणखी एक रीम. झाल्या 11 रिमा.

आता या 11 रिमांचं वजन. कागद किलोवर विकला जातो, म्हणून हे सूत्र पाठच हवं. लांबी आणि रुंदी इंचांत घ्या, त्यांचा गुणाकार करा, त्याला जीएसएमने गुणा आणि 3100 ने भागा. 500 तावांच्या रिमेचं वजन किलोत मिळतं. 70 जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा कागद, असेल तर 23 गुणिले 36 गुणिले 70, भागिले 3100, म्हणजे 18.7 किलो. 11 रिमा म्हणजे साधारण 206 किलो. हिशेब तोंडी यायला लागला की मुलाला ऑफिसात बोलावून इस्टिमेटला बसवतात, आणि तिथे शिकण्यासारखं बरंच असतं.

मुखपृष्ठाचं गणित याहून गमतीचं आहे. याच पुस्तकाचा कणा काढू. 160 पानं म्हणजे 80 पत्रं. 70 जीएसएमच्या मॅपलिथोची जाडी साधारण 0.09 मिलिमीटर, म्हणून कणा 7 मिलिमीटरच्या थोडा वर. पुढचं-मागचं पान, कणा आणि चहूबाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छापून नंतर कापून टाकायची कड, धरलं की उघडं मुखपृष्ठ साधारण साडेअकरा इंच रुंद आणि पावणेनऊ इंच उंच होतं. 23 बाय 36 च्या आर्टकार्डावर, म्हणजे जाड गुळगुळीत कागदावर, ही मुखपृष्ठं आडवी लावली तर सहा बसतात. मालक खूश. पण कागदाला ग्रेन असते, म्हणजे तंतूंची दिशा. ती 36 इंची बाजूला धावत असेल, तर या सहाही मुखपृष्ठांत ती कण्याला आडवी येते. मग घडी घालताना कार्ड तडकतं, शाई फुटून पांढरी रेघ दिसते, आणि पुस्तक टेबलावर ठेवलं की मुखपृष्ठ तोंड वर करून बसतं. उभी लावली तर ग्रेन कण्याला समांतर येते, पण 23 इंचांत साडेअकराच्या दोन, वर ग्रिपरची, म्हणजे मशिन ताव पकडतं ती जागा, हे बसत नाही. म्हणजे चारच. इथे जाणकार माणूस 25 बाय 36 चं कार्ड मागवतो. त्यात ग्रेन नीट ठेवून आठ मुखपृष्ठं निघतात. दोन इंच जास्तीचा कागद घेऊन दुप्पट माल.

ग्रेन ओळखायची कशी? कागदाचा छोटा चौकोन कापा, मूळ तावाची लांब बाजू पेन्सिलने खूण करून ठेवा, आणि एक बाजू ओली करा. तो गुंडाळू लागतो. तयार झालेल्या नळीची लांबी ज्या दिशेला, तीच ग्रेनची दिशा.

आता फर्म्याची डमी. घरी बसूनही करता येईल अशी गोष्ट आहे. एका कागदाला एकामागून एक तीन घड्या घाला, प्रत्येक वेळी आधीच्या घडीला काटकोनात. घड्या न कापता कडेने डोकावून 1 ते 16 आकडे टाका आणि मग कागद उलगडा. एका बाजूला 1, 4, 5, 8, 9, 12, 13, 16 हे आकडे दिसतील, दुसऱ्या बाजूला उरलेले. कण्याला लागून शेजारी आलेल्या दोन पानांची बेरीज सगळीकडे 17 भरेल. दुसऱ्या फर्म्यात, 17 ते 32 मध्ये, ती 49. आज इम्पोझिशन, म्हणजे तावावर पानांची अशी मांडणी, सॉफ्टवेअर करतं हे खरं, पण छपाईची प्लेट निघण्याआधी ही बेरीज डोळ्यांनी तपासणारा माणूस लागतोच. सॉफ्टवेअरला चुकीची बांधणी सांगितली तर ते चुकीचं इम्पोझिशन अगदी बिनचूक करून देतं.

प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या संगणकावरच्या तयारीत, मराठी मजकुराची म्हणून काही दुखणी आहेत. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार सरकतो, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला र बिघडतो, कधी अनुस्वार हरवतो. इनडिझाइन या पानं रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलंत दाखवत सुटी होतात. म्हणून नवीन फाइल आली की आधी ‘क्षत्रिय’, ‘सर्व’, ‘दुसऱ्या’ असे शब्द शोधून पाहावेत. हे तीन ठीक असतील तर बाकीचं बहुधा ठीक असतं.

दुसरी तपासणी काळ्या मजकुराची. वर्डमधून किंवा आरजीबीमधून, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीतून, आलेला काळा रंग बऱ्याचदा चारही शायांत विभागला जातो. मग रजिस्टर, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर हललं तरी बारीक अक्षरांना लाल-निळी किनार येते. अ‍ॅक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडून काळी प्लेट बंद करा. मजकूर पूर्ण गायब झाला पाहिजे. मागे सावली उरली तर फाइल परत पाठवा.

तिसरं दुखणं व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो. छपाईच्या आकारात इंचाला 300 पिक्सेल हवेत, म्हणजे 6 इंच रुंद फोटोला 1800. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसवतं. ग्राहकाला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं, एवढाच उपाय.

आता मशिनकडे येऊ. ऑफसेटमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर छपाईचा भाग शाई धरतो आणि कोरा भाग पाणी धरतो. प्लेटवरून प्रतिमा रबरी ब्लँकेटवर जाते आणि ब्लँकेटवरून कागदावर. सगळं कसब शाई-पाण्याच्या तोलात आहे. पाणी कमी पडलं की कोऱ्या भागावर मळकट झाक येते, त्याला स्कमिंग म्हणतात. पाणी जास्त झालं की छपाई फिकी पडते, शाईत पाणी मिसळतं आणि ताव लवकर वाळत नाहीत. नवशिक्या हात फिकी छपाई पाहून शाई वाढवतो, मग मळ येतो म्हणून पाणी वाढवतो, आणि अर्ध्या तासात दोन्ही मर्यादेबाहेर जातात. अनुभवी मशिनमन आधी पाणी कमी करून पाहतो. फाउंटन सोल्यूशनचा, म्हणजे प्लेटला लागणाऱ्या या पाण्याचा, पीएच साधारण 4.8 ते 5.5 असावा, आणि तो मोजून वहीत लिहिणं हे शिकाऊ मुलाला सहज देता येण्यासारखं काम आहे. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी तसंच वापरलं तर रोलरवर क्षारांचा थर बसतो आणि रोलर शाई घ्यायचं सोडतो. म्हणून बऱ्याच छापखान्यांत आरओचं यंत्र मशिनसाठी असतं.

छपाई चालू असताना ठरावीक अंतराने ताव ओढून तपासतात. भिंगाखाली रजिस्टरच्या चारही खुणा एकावर एक बसल्यात का, रंग मंजूर तावाशी जुळतो का, कुठे हिकी आली का. हिकी म्हणजे धुळीच्या कणामुळे पडलेला, पांढऱ्या कड्याचा ठिपका. तोच ठिपका प्रत्येक तावावर त्याच जागी दिसला तर कण प्लेटवर किंवा ब्लँकेटवर बसलाय असं समजावं. जागा बदलत असेल तर कागदाची धूळ आहे.

पावसाळ्यात वेगळीच कटकट. जुलैमध्ये रीम उघडून ठेवली की कागदाच्या कडा दमट हवेतलं पाणी पितात आणि लाटांसारख्या उचलल्या जातात. अशा तावाचा पहिला रंग बसतो, पण एकरंगी किंवा दुरंगी मशिनवर पुढचा रंग दुसऱ्या दिवशी लावायचा असेल तर तोवर ताव वाढलेला असतो. पुढच्या कडेला रजिस्टर बरोबर आणि मागच्या कडेला सुटलेलं, असं दिसलं की मशिनला दोष देऊ नये. वेष्टन न फोडता कागद एक दिवस मशिनच्या खोलीत ठेवावा, आणि अर्धवट छापलेला गठ्ठा प्लास्टिकने झाकावा.

बांधणीबद्दल थोडक्यात. पर्फेक्ट बाइंडिंगमध्ये कण्याकडून 2-3 मिलिमीटर कागद खरवडला जातो, मग गरम गोंद लागतो. म्हणून आतला समास पुरेसा ठेवला नाही तर ओळीची सुरुवात कण्यात जाते. गोंद पुरेसा तापलेला नसेल तर पानं सुटतात. पहिली काही पुस्तकं थंड होऊ द्यावीत, मधोमध उघडून एक पान ओढून पाहावं, आणि मगच पुढची लावावीत.

सुरक्षेचे नियम आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो. गळ्यातलं ओळखपत्र, ओढणी, ब्रेसलेट, मोकळे केस यांतलं काहीही मशिनपाशी नको. चालत्या रोलरला फडकं लावायचं नाही, मग शेजारचा माणूस सर्रास लावत असला तरी. कटिंग मशिनला दोन बटणं असतात ती दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं दिसलं तर त्या मशिनवर काम करायला नकार द्यावा आणि ते कॉलेजच्या मार्गदर्शकांना कळवावं. वॉशला, म्हणजे रोलर धुताना, हातमोजे घालावेत, आणि शाई-तेलाची फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावीत.

निवडणुकीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 127-अ नुसार प्रचाराच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं आणि पत्ते छापावे लागतात. प्रकाशकाने सही केलेलं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र मुद्रकाने आधी घ्यायचं असतं. नाव न छापता पत्रकं देऊन टाका, घाई आहे, असं म्हणणारं गिऱ्हाईक हमखास येतं. अशा वेळी शिकाऊ मुलाने काउंटरवर स्वतः काही कबूल करू नये.

आणि अहवालाचं. कॉलेजला द्यायच्या अहवालात मशिनचे फोटो आणि कंपनीचा इतिहास भरून पानं वाढवू नका. एकच काम निवडा. त्याचं जॉब कार्ड, कागदाचा हिशेब, किती ताव धरले होते आणि किती वाया गेले, कुठल्या टप्प्यावर आणि कशामुळे, एवढं लिहा. खराब तावाचा तुकडा सोबत लावायचा असेल तर आधी परवानगी घ्या. प्रश्नपत्रिका, औषधांची वेष्टनं, न प्रकाशित झालेली पुस्तकं यांचा एक चिटोराही छापखान्याबाहेर न्यायचा नसतो, आणि त्यांचा फोटो तर मोबाइलमध्येसुद्धा नको.

नमस्कार.